झेनचं सामान 800 ला बसेल का?

एका रविवारी सकाळी मामाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. बदलापुरातल्या त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली 1998 ची मारुती झेन आणि खाली एक ओळ : 'पत्रा गेला. पुढच्या महिन्यात स्क्रॅपला.' आईने रडका इमोजी टाकला. मावशीने लगेच 'किती मिळणार?' विचारलं. आणि आमचा धाकटा, एसवायबीकॉम, गाड्यांचं सगळं शिक्षण रील्सवर, त्याने लिहिलं : 'मामा, सामान कोणाला देऊ नकोस. आपल्या 800 ला लावू.'

आता 'सामान' म्हणजे काय, ते झेनवाल्यांनाच कळेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला ज्यांना पहिली नोकरी लागली, त्या पिढीसाठी झेन म्हणजे आजच्या भाषेत 'व्हाइब' होती. मामाचा हिशेब सोपा होता, पगार झाला की गाडीला एक पार्ट. मॅग व्हील, फ्री-फ्लो सायलेन्सर, एअर फिल्टरच्या डब्याऐवजी तो लाल शंकूसारखा कोन फिल्टर, जाड लाल प्लग वायर, जोडीचा हॉर्न, टेप, फॉग लॅम्प. पुढे लग्न झालं, मुलं झाली आणि मग त्याच गाडीत सीएनजी किट बसलं. एका माणसाच्या आयुष्याचे टप्पेच त्या गाडीला नटबोल्टने लावलेले आहेत.

आमची गाडी म्हणजे बाबांची मारुती 800, 2001 ची, एमएच-05. अंबरनाथवरून तळोज्याला कंपनीत जायला-यायला रोज हीच. यावर्षी तिला पंचवीस वर्षं झाली, म्हणजे पुन्हा पासिंग. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. याची फी 2022 च्या एप्रिलपासून 5000 रुपये झाली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी 10,000. शिवाय पर्यावरण कर वेगळा. बाबांचा मूड काय होता ते यावरून समजा. त्यांना मॅग व्हील वगैरेत काडीचा रस नव्हता. त्यांचा डोळा एकाच गोष्टीवर होता : मामाचं सीएनजी किट. ते फुकटात आपल्या गाडीत बसलं, तर पासिंगचा खर्च पेट्रोलमधून वसूल होईल, असं त्यांचं गणित.

मी इंटर्न. मला डेस्कवरून 'तरुणांच्या गाड्या' असा काहीतरी विषय मिळालाच होता. तर मीही निघाले.

पुढच्या शनिवारी मामा झेन घेऊन बदलापूरहून आला, अंबरनाथला आम्ही मागे लागलो आणि दोन्ही गाड्या उल्हासनगरकडे निघाल्या, कॅम्प चारमधल्या बाबांच्या ठरलेल्या मिस्त्रींकडे. मी थोडा वेळ मामाच्या गाडीत बसले, थोडा वेळ बाबांच्या. कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. झेन एकसुरात गुणगुणते. आमची 800 सिग्नलला उभी राहिली की अंगात हलका ताप असल्यासारखी थरथरते. मला वाटायचं, ती म्हातारी झाली म्हणून. मिस्त्रींनी बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "थरथर जन्माची आहे. तीन सिलिंडर."

इथे मास कॉमवाल्यांसाठी थोडं सायन्स. 800 चं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. मामाच्या झेनचं 993 सीसीचं, चार सिलिंडरचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, प्रत्येक सिलिंडर एकदा पेट घेतो. चार सिलिंडर असले तर दर 180 अंशांवर एक ठिणगी, तीन असले तर दर 240 वर. शिवाय तिघांची ओळ पुढेमागे डुलते. त्यामुळे दोघांचा आवाज वेगळा, हादरे वेगळे, धूर बाहेर पडायचा ताल वेगळा. आणखी एक मोठा फरक : मामाची गाडी कार्बोरेटरची, आमची एमपीएफआय. म्हणजे तिच्यात पेट्रोल किती द्यायचं ते हवेच्या ओढीवर ठरतं, हिच्यात एक छोटा कम्प्युटर ठरवतो.

बाहेरून बघाल तर दोन्ही मारुती, दोन्ही छोट्या, दोन्ही आपल्या आईबाबांच्या जमान्यातल्या. धाकट्याचा युक्तिवादही तोच. "कंपनी एकच आहे ना काका?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पोराला सांगून एक ताडपत्री अंथरायला लावली. झेनचं एकेक सामान उतरत गेलं आणि ताडपत्रीवर दोन ढीग व्हायला लागले. डावा ढीग वाढत होता. उजव्यात बराच वेळ फक्त फॉग लॅम्प होते.

सायलेन्सरपासून सुरुवात झाली. फ्री-फ्लो म्हणजे नुसता मागचा डबा नव्हे, मामाने पुढचा हेडरसुद्धा बदललेला. इंजिनमधून निघणाऱ्या नळ्या आधी वेगवेगळ्या, मग एकत्र येणाऱ्या. धाकट्याने तो दोन्ही हातांनी उचलून 800 च्या बोनेटमध्ये धरला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बेटा, छेद गिन." याच्या हातात चार नळ्या. आमच्या इंजिनाला तीन छेद.

त्यावर त्याने ज्या चेहऱ्याने प्लग वायरचा सेट पुढे केला ना, "हे तरी चालेल, एक वायर स्पेअर राहील," त्यासाठी मी हा लेख लिहायला तयार झाले. वायरची लांबी वेगळी, वळण वेगळं. डावा ढीग.

मागचा डबा तरी लावू, असं मामा म्हणाला. तो वेल्डिंग करून बसेल, यात शंका नाही. वेल्डिंग करून काहीही बसतं. पण आमच्या 800 च्या पाइपमध्ये मध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे आणि त्याच्या आधी ऑक्सिजन सेन्सर. धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते तो सेन्सर कम्प्युटरला सांगतो आणि कम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. बरेच जण 'मोकळा' सायलेन्सर करताना कन्व्हर्टरच काढून टाकतात. मग सेन्सरचा हिशेब बिघडतो, पीयूसीला धूर जास्त येतो. आणि आमचं तर पासिंग तोंडावर. बाबांनी फक्त मान हलवली.

कोन फिल्टर मला वाटलं चालेल. त्यात काय, हवाच तर जायची. पण मामाचा फिल्टर कार्बोरेटरच्या तोंडाच्या मापाचा होता. आणि माप जुळवलं तरी प्रश्न असा की, बोनेटखाली उघडा ठेवलेला फिल्टर इंजिनाची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, म्हणजे त्याच जागेत ऑक्सिजन कमी. कंपनीने दिलेला कुरूप काळा डबा बाहेरची थंड हवा आणतो. म्हणजे इतकी वर्षं मामाला ताकद वाढल्यासारखं वाटत होतं ते बहुतेक आवाजामुळे. मामा यावर काही बोलला नाही. चहा मागवला.

चहा पिताना मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली, जी मला पूर्ण सकाळची सगळ्यात कामाची वाटली. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, झेनचा अमुक पार्ट द्या. कुठल्या झेनचा? मामाची कार्बोरेटरची आठ व्हॉल्व्हची. नंतरची एमपीएफआय सोळा व्हॉल्व्हची. 800 चंही तेच : कार्बोरेटरची, मग आमच्यासारखी एमपीएफआय, आणि पाच गिअरची बारा व्हॉल्व्हवाली निराळीच. मागच्या काचेवरचं नाव सारखं, आतलं इंजिन वेगळं. म्हणून दुकानात नावाच्या आधी वर्ष सांगायचं, आणि शक्य असेल तर जुना पार्ट हातात घेऊन जायचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टच्या शोधात जाणारी मुलं म्हणूनच लोकलच्या मालडब्यात मांडीवर तेलकट पिशवी घेऊन बसलेली दिसतात.

आणि हो, डुप्लिकेट आणि आफ्टरमार्केट यांची गल्लत करू नका. मीही करत होते. आफ्टरमार्केट म्हणजे गाडीच्या कंपनीने नाही, दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेला पार्ट. तो चांगला असेल किंवा वाईट, पण लपवाछपवी नाही. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव छापलेला. उल्हासनगरचा विषय निघाला की बाहेरचे लोक 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जोक हमखास मारतात. इथल्या मुलांना तो आता पाठ झालाय, हसू येत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकीत राहिली, 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि हातात काही नसताना लोकांनी जे मिळेल त्यातून जे लागेल ते बनवलं. बराकींचे ते कॅम्प नंबर पत्त्यात अजून आहेत.

इंजिनं अशी इकडची तिकडे लावणं ही काही आमच्या धाकट्याची आयडिया नाही. मोठ्या कंपन्यांनीच केलंय. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, म्हणजे पद्मिनी बनवणाऱ्यांनी, 1985 मध्ये 118 एनई आणली. अंग फियाटच्या घराण्याचं, इंजिन निस्सानचं. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा आधी अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनावर धापा टाकत चालायची, मग तिला इसुझूचं 1.8 लिटरचं मिळालं आणि ती पळायला लागली. पण कंपनी इंजिन बदलते तेव्हा त्यासोबत गिअरबॉक्स, माउंटिंग, रेडिएटर, सायलेन्सर सगळं नव्याने बघते आणि सरकारी चाचणीतून पास करून घेते. यूट्यूबवर '800 मध्ये एस्टीमचं इंजिन' बघताना आपण फक्त शेवटचा भाग बघतो, टायर धूर काढतात तो. 1298 सीसीच्या इंजिनाला ती हलकी गाडी पळते, हे खरंच. थांबवायला ब्रेक मात्र 796 सीसीच्या हिशेबाने दिलेले असतात.

कायदाही इथेच आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील मालकाला परस्पर बदलता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येकी' हा शब्द वाचा पुन्हा. सीट कव्हर, टेप, मॅट यांच्यामागे कोणी लागत नाही. इंजिन, इंधन, सांगाडा यांना हात लावला की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच. विमा कंपनीलाही कळवलेलं नसेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. हे कोणत्याच रीलमध्ये नसतं.

बरं, मॅग व्हील. धाकट्याचा जीव त्यातच अडकलेला. इथे मात्र गंमत झाली. चाक बसतं की नाही हे आधी नटांच्या वर्तुळावरून ठरतं, त्याला पीसीडी म्हणतात. चार नटांच्या गाड्यांत 100 आणि 114.3 मिलिमीटर ही दोन मापं सर्रास. मामाची चाकं बाहेरच्या कंपनीची होती आणि अशा चाकांना बरेचदा आठ छेद असतात, दोन्ही मापांचे. जॅक लावला, एक चाक काढलं, मॅग व्हील चढवलं. बसलं! धाकट्याने तिथल्या तिथे स्टोरी टाकली.

मिस्त्री म्हणाले, "आता चौघं आत बसा आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवा." बसलो. फिरवलं. खर्रर्र. टायर आतून पत्र्याला घासत होता.

कारण, आमच्या 800 चा टायर 145/70 आर 12. मामाचा 145/70 आर 13. एक इंचाने काय होतंय? गणित करून बघा. पहिल्या टायरचा व्यास साधारण 508 मिलिमीटर, दुसऱ्याचा 533. म्हणजे पाच टक्के जास्त. आता स्पीडोमीटरला काय माहीत चाक मोठं झालंय? तो फेऱ्या मोजतो. काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी खरी 63 ने पळत असेल. उलट किलोमीटर कमी पडतील, 100 गेलात तर 95 दिसतील. बाबा ज्या रस्त्याने रोज जातात, तिथे पावसाळ्यात खड्डा कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नाही. तिथे भरलेल्या गाडीत घासणारा टायर म्हणजे फाटणारा टायर. स्टोरी डिलीट झाली.

आणि मग सीएनजी किट.

बाबा तोपर्यंत लांब उभे होते, जणू आपला या सगळ्याशी संबंध नाही. मिस्त्री डिक्कीत वाकले, सिलिंडरच्या पट्टीवर टॉर्च मारला. दर तीन वर्षांनी सीएनजी सिलिंडरची दाबाची चाचणी करावी लागते. मामाच्या सिलिंडरची तारीख कधीच उलटून गेलेली. मामा ओशाळला. गेली दोन वर्षं गाडी फारशी बाहेरच काढली नाही, म्हणून राहून गेलं म्हणे. (माझा मामा आहे म्हणून सोडते. पण हे राहून जायचं काम नाही. बूट स्पेसमध्ये 200 बारचा दाब घेऊन आपण घरच्यांना फिरवत असतो.)

"चाचणी करून घेऊ," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच बोलले.

अडचण सिलिंडरची नव्हती, किटची होती. मामाचं किट जुन्या पद्धतीचं. त्यात कार्बोरेटरच्या तोंडावर एक मिक्सर असतो, हवा जाताना स्वतःसोबत गॅस ओढून नेते. आमच्या एमपीएफआय गाडीला तसा मिक्सर लावला तर सिलिंडरपर्यंतच्या सगळ्या नळकांड्यात पेट घेणारं मिश्रण भरून राहतं. एखादी ठिणगी चुकून मागे आली की बॅकफायर, आणि फिल्टरचा डबा फुटतो. शिवाय कम्प्युटरला कळेना की पेट्रोल द्यायचं की नाही. अशा गाड्यांना सिक्वेन्शियल किट लागतं, प्रत्येक सिलिंडरला गॅसचा वेगळा इंजेक्टर आणि त्यांना सांभाळणारा वेगळा कम्प्युटर. तेही तीनाचं वेगळं, चाराचं वेगळं. वर किटची मान्यता ठरावीक मापाच्या इंजिनांसाठी असते आणि ते आरसीवर चढवावं लागतं. मामाच्या आरसीवर चढलेलं किट आमच्या आरसीवर असंच उडी मारत नाही.

"नवीन घेतलं तर?" बाबांनी विचारलं.

मिस्त्रींनी आकडा सांगितला. आजच्या बाजारात आमच्या गाडीला जेवढे येतील, त्याच्यापेक्षा तो मोठा होता. बाबा "बरं" म्हणाले आणि फॉग लॅम्पकडे बघत राहिले. मला माहीत होतं त्यांनी महिन्याचा हिशेब मनात आधीच मांडून ठेवलेला. तो आता ते पुसत होते.

उजव्या ढिगात शेवटी बऱ्यापैकी सामान जमलं, हेही सांगायला हवं. टेप सरळ बसला, कारण टेपच्या खाचेचं माप ठरलेलं असतं, त्याला इंजिनाशी देणंघेणं नाही. जोडीचा हॉर्न बसला, पण त्याच्या रिलेसकट. हॉर्न जास्त करंट ओढतो. तो सरळ जुन्या बटणाच्या वायरमधून नेला तर वायर तापते. रिले म्हणजे बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि बटणाला फक्त 'चालू कर' एवढाच निरोप द्यायचं काम. हेडलाइटचंही हेच. साधा बल्ब 60/55 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टला 5 अँपिअर. दुकानात 'पॉवर'चा म्हणून 100/90 वॅटचा देतात, तो आठच्या पुढे ओढतो. दोन बल्ब, पंचवीस वर्षांची वायरिंग, प्लास्टिकचा होल्डर. मामाकडे तसे दोन बल्ब होते. मिस्त्रींनी ते डाव्या ढिगातही ठेवले नाहीत, थेट डब्यात टाकले. रस्त्यावर ते बेकायदा आहेतच, समोरच्याचे डोळे जातात ते वेगळं.

परतताना मी मामाच्या गाडीत होते. सगळं उतरवल्यावर झेन पुन्हा 1998 च्या शोरूममधल्या आवाजात चालत होती. मिस्त्रींनी स्वतःकडचा एक जुना साधा सायलेन्सर तात्पुरता चढवून दिलेला. मामा म्हणाला, "अगं, ही अशी वाजायची, मी विसरलोच होतो." बदलापूरच्या नावाची एक गोष्ट सांगतात ना, की शिवकालात या वाटेवर इथे थकलेले घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. खरी-खोटी देव जाणे. मामा ती दर पाहुण्याला सांगतो. त्या दिवशी त्याने सांगितली नाही.

पासिंगचा दिवस साधा गेला. टेप आणि हॉर्नकडे कोणी बघितलंही नाही. पीयूसी पहिल्या फटक्यात पास. बाबा अजून पेट्रोलच भरतात. पण आता आठवड्यातले तीन दिवस कंपनीतल्या दोघांना सोबत घेऊन जातात, खर्च तिघांत. मिस्त्रींनी त्या सर्व्हिसिंगला प्लग, फिल्टर बदलला आणि टायरमधली हवा दर पंधरवड्याला बघायला सांगितलं, एवढ्यावर थोडं अ‍ॅव्हरेज वाढलंय, असं बाबांचं म्हणणं. ते वहीत लिहून ठेवतात, त्यामुळे वाद घालायची सोय नाही.

झेन स्क्रॅपला गेली. मॅग व्हील आमच्या गॅलरीत, तुळशीच्या शेजारी. धाकट्याने ती विकायला ऑनलाइन टाकली, मामाशी फिफ्टी-फिफ्टी ठरवून. चौथ्या दिवशी उल्हासनगरच्या एका मुलाचा मेसेज आला : 'भाऊ, 800 ला बसतील का?'

धाकटा बराच वेळ मोबाइलकडे बघत बसला. मग त्याने टाइप केलं, 'टायरवर काय नंबर लिहिलाय, फोटो पाठव.'